अमरावतीच्या बाजूनं ओरडणारा

रिंगखाली एकटी, समोर कोणी नाही, बॉल हातात. डोळे मिटून टाकावा असा तो बॉल पायलनं घालवला आणि सगळ्या हॉलनं कडाडून टाळ्या वाजवल्या.

आता याला काय म्हणावं? बॉल रिंगला शिवलासुद्धा नव्हता. तरी शाळेच्या बसनं आणून बसवलेली पोरं टाळ्या पिटत होती, स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या एकसारख्या साड्या नेसलेल्या बाया पिटत होत्या, आणि पहिल्या रांगेत पायलची आई कुसुमताई एका हातानं मोबाईल धरून दुसऱ्या हातानं मांडीवर टाळी वाजवत होती. अमरावतीच्या पोरींनी बॉल घालवला तरी तेच. परवाच्या मॅचला नागपूरच्याच एकीची व्हीलचेअर उलटली, तर लोक चक्क उभे राहिले होते. पडली म्हणून टाळ्या! बाप्पा रे, अशा टाळ्यांनी कोणाचं पोट भरतं?

व्हीलचेअर बास्केटबॉलची ही फायनल, नागपूर विरुद्ध अमरावती, आणि खेळायच्या आधीच सगळ्यांचा सत्कार उरकला होता. शाल, नारळ, गुलाबाचं एकेक फूल. मंडळाचे अध्यक्ष प्रेमानंदजी माईकवर म्हणाले होते, "या आमच्या वाघिणी आज हरणार नाहीत, कारण या आधीच जिंकल्या आहेत." पायलच्या मांडीवर तेव्हा नारळ होता, आणि तो कुठं ठेवावा ते तिला कळत नव्हतं. आधीच जिंकलो असू तर फायनल कशाला ठेवली, हे तिला विचारावंसं वाटलं होतं. पण विचारून करायचं काय? त्यावरही टाळ्याच पडल्या असत्या.

अकराव्या वर्षी तिळसंक्रांतीला पतंगामागं धावता धावता ती गच्चीवरून पडली, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. दहावी झाली, टाळ्या. कळमेश्वरच्या कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली, टाळ्या. मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटी घेऊन ती प्रताप नगरातून रोज निघे, तर सिग्नलवर थांबलेला अनोळखी माणूस अंगठा दाखवी. शाबासकीला तोटा नव्हता. पण तिच्यावर चिडायला कोणी तयार नव्हतं. ऑफिसात तिची चूक झाली तर साहेब दुसऱ्याला झापत. भाऊ पियुष लहानपणी तिच्या झिंज्या उपटायचा, तोही त्या दिवसापासून साखरेसारखं बोलायला लागला. माणसांत बसूनही तिला आपण काचेच्या पेटीत बसलोय असं वाटे, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं की लोकांच्या डोळ्यांत पाणी येई.

तर ती बॉल घालवून, टाळ्या झेलत, मागं वळत होती. तेवढ्यात दाराकडून आवाज आला.

"हातात वरण-भात हाय का वं, बारा नंबर!"

बारा नंबर पायलचाच होता, नागपूरच्या कॅप्टनचा.

तिनं वळून पाहिलं. दाराशी संत्र्यांच्या खोक्यांवर एक पन्नाशीचा माणूस बसला होता, गळ्यात दुपट्टा, पायात धुळीनं भरलेल्या चपला. कळमन्याच्या एका व्यापाऱ्यानं खेळाडूंसाठी संत्री पाठवली होती, ती घेऊन आलेले हे चंपतराव. कळमन्याच्या बाजारात मालाचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायचं काम त्यांचं, त्यामुळं त्यांचा आवाज हॉलच्या या भिंतीवर आपटून त्या भिंतीवर जायचा. मूळ गाव वरूड, म्हणजे अमरावती जिल्हा. खोकी ठेवून निघायचं होतं, पण अमरावतीची टीम आहे म्हटल्यावर ते टेकले, आणि टेकले ते गुंतले.

"बरं झालं घालवला!" ते पुढं म्हणाले. "अशीच घालवत राय. आपल्या अमरावतीले सोपं जाते."

पायलच्या पायांना गेली कित्येक वर्षं काही जाणवत नव्हतं, पण त्या पायांची आग मस्तकात मात्र बरोबर गेली. कोण हा? याचा काय संबंध? आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला राग आलाय. खराखुरा, शाळेत कोणी चिंच हिसकावल्यावर यायचा तसा. किती वर्षांनी!

तिनं चाकांना असा हात मारला की तळवे चरचरले. अमरावतीच्या कॅप्टनच्या, प्रेमिलाच्या, चेअरला घासून ती पुढं गेली, बॉल मांडीवर, दोन ढकले, एकदा आपटला, पुन्हा दोन ढकले, आणि लांबूनच टाकला. जाळी हलली.

हॉलनं टाळ्या वाजवल्या. त्या तशाच होत्या, मघाच्या घालवलेल्या बॉलइतक्याच. पण दाराकडून आवाज आला, "अरे बाप्पा! मेलो! प्रेमिला, झोपून राहिली का वं? अडव ना तिले!"

पायल हसली. खेळताना ती कधी हसत नसे.

त्यानंतरचा खेळ काय झाला म्हणून सांगू! चंपतराव तिच्यामागं हात धुऊन लागले. ती बॉल आपटायला विसरून तिसरा ढकला मारून बसली आणि फाऊल झाला, तर ते खोक्यावरून उठलेच. नियम त्यांना काही ठाऊक नव्हता, शिट्टी वाजली एवढंच कळलं. "पकडली! बरी पकडली! बारा नंबर लबाड हाय, पंचसाहेब, तिच्यावर नजर ठेवा!" पायलनं जाता जाता ओरडून विचारलं, "लबाड कोण?" तर म्हणाले, "तू! आणखी कोण? बाकीच्या खेळून राहिल्या, तू लोकांच्या अंगावर जाऊन राहिली!" ती दोन टाकी, ते कपाळावर हात मारत. ती एक घालवी, ते दुपट्टा फिरवत. अमरावती पुढं, मग नागपूर, मग पुन्हा अमरावती. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मॅच बघणारा एकच माणूस होता, आणि तो तिच्या विरुद्ध होता. पायलला आता दुसरं काही नको होतं. कप गेला खड्ड्यात, शाल-नारळ गेला. शेवटची शिट्टी वाजावी, नागपूर जिंकलेलं असावं आणि त्या माणसानं दुपट्टा आपटून हाय हाय करावं, एवढंच तिला पाहिजे होतं. आपण कोणाला तरी हरवलं, हे कोणाच्या तरी तोंडावर दिसावं.

शेवटचा डाव सुरू व्हायच्या आधी मंडळाच्या दोन बाया दाराकडं गेल्या. मागून प्रेमानंदजी स्वतः गेले. पायलला लांबून नुसते हातवारे दिसले. चंपतराव आधी काहीतरी बोलत होते, मग त्यांनी मान खाली घातली.

ती सुसाट चेअर पळवत तिकडं गेली. "काय झालं? बसू द्या ना त्यांना!"

"बेटा, तू लक्ष नको देऊ," प्रेमानंदजी म्हणाले. "काही लोकांना समज नसते. दिव्यांग भगिनीला लबाड म्हणतो हा माणूस! मी समजावलं त्याला."

"पण मला चालतं. मला पाहिजेत ते इथं."

प्रेमानंदजींचे डोळे भरून आले. बायांकडं वळून म्हणाले, "पाहिलंत? याला म्हणतात मोठं मन."

झालं! पुढं बोलायला जागाच ठेवली नाही. चंपतरावांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. दुपट्टा सावरत ते बाहेर गेले, आणि त्यांच्यामागं कोणीतरी दार लावून घेतलं, आवाज नको म्हणून.

ती खेळली. खेळणं भाग होतं. आता बॉल घातला तरी टाळ्या, घालवला तरी टाळ्या. तिची नजर पुन्हा पुन्हा त्या दाराशी जाई. तिथं नुसती खोकी होती. तरी मॅच चढत गेली. अगदी शेवटाला अमरावती एका गुणानं पुढं होती, बॉल पायलच्या हातात आला, समोर फक्त प्रेमिला होती, आणि पायलनं टाकायला बॉल उचलला.

माईक वाजला. "थांबवा, थांबवा! आपले प्रमुख पाहुणे आलेले आहेत!"

पाहुण्यांना पुढं आणखी दोन कार्यक्रम होते. पंचांनी घड्याळाकडं पाहिलं, प्रेमानंदजींकडं पाहिलं आणि शिट्टी तोंडातून काढली. "वेळ बाकी आहे, सर," पायल म्हणाली. "थोडी बाकी आहे." पंच बिचारे भले माणूस. म्हणाले, "राहू दे ना बेटा, काय फरक पडतो?"

पाहुणे छान बोलले. खेळात हारजीत नसते, म्हणाले. तुमच्याकडं बघून आम्हाला आमची दुःखं लहान वाटतात, म्हणाले. मग प्रेमानंदजींनी जाहीर केलं की दोन्ही संघ संयुक्त विजेते, आणि त्या दिवसातल्या सर्वांत मोठ्या टाळ्या तेव्हा पडल्या.

कप एकच होता. दोन्ही कॅप्टननी मिळून धरायचा होता, फोटोसाठी. प्रेमिलानं एक कान धरला, पायलनं दुसरा.

"सोड वं," प्रेमिला दात न उघडता, फोटोत हसत म्हणाली. "आम्ही जिंकलो होतो."

"तू सोड. माझा बॉल बाकी होता."

"तू घालवला असता."

"टाकू तर द्यायचा होता!"

फोटो झाला आणि कप मंडळाच्या बाईनं नेऊन टेबलावर ठेवला. अमरावतीची गाडी लगेच निघणार होती. प्रेमिलानं जाता जाता मागं वळून पाहिलं, काही बोलणार होती, पण तिला दोघांनी उचलून गाडीत बसवलं. कुसुमताई आल्या, त्यांनी लेकीच्या गालावरून हात फिरवला. व्हिडिओ केव्हाच घरच्या ग्रुपवर टाकला होता, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती.

"आई, आपण किती गुणांनी मागं होतो?"

"मागं कुठं वं? तुम्ही तर जिंकल्या ना!" कुसुमताई म्हणाल्या. त्यांना बायांबरोबर नाश्त्याला बसवून पायल बाहेर निघाली.

व्हीलचेअरच्या उताराच्या तोंडाशी मंडळानं सन्मान सोहळ्याचा बोर्ड उभा केला होता. तो तिनं चाकानं ढकलून बाजूला सारला. बाहेर ऊन कललं होतं. संत्री आणलेला छोटा हत्ती टेम्पो फाटकाशीच उभा होता आणि चंपतराव संत्री वाटून रिकामी झालेली खोकी त्यात रचत होते. अजून आहेत!

"ओ वरूडवाले!" तिनं हाक मारली. "अमरावती जिंकली नाही, बरं का! माझा बॉल बाकी होता!"

चंपतराव वळले. हातातलं खोकं त्यांनी खाली ठेवलं, चपला काढल्या आणि हात जोडले.

"माफ करा, ताई. माह्या तोंडाले काही बंधन नाही. तुम्हाले काय काय बोललो मी!"

"अहो, बोला ना! मला राग नाही आला. म्हणजे आला, पण... चांगला आला. तुम्ही मॅच बघत होता."

"त्या साहेबांनी समजावलं मले. मले कुठं अक्कल? मी आपला खेळ समजून बोलत गेलो."

"खेळच होता तो!"

पायलनं चेअर आणखी पुढं घेतली. तिचा आवाज कापायला लागला होता, आणि तो कापू नये असं तिला फार वाटत होतं. "बरं, एक सांगा. तो पहिला सोपा बॉल माझा काहून गेला? तुम्ही दारातून बघितलं. खरं सांगा."

चंपतरावांनी तिच्याकडं पाहिलं. क्षणभर त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं, अगदी दिसलं तिला. मग त्यांची नजर तिच्या पायांकडं गेली आणि ते मऊ पडले.

"नाही ताई. लय छान खेळल्या तुम्ही. तुमच्यासारख्याईत देव पायतो आम्ही." त्यांनी गाडीतून चार संत्री काढून तिच्या मांडीवर ठेवली, मघाशी नारळ होता तिथंच. परत हात जोडले आणि छोटा हत्ती फाटकातून निघून गेला.

पायल कितीतरी वेळ तिथंच बसून राहिली. प्रेमानंदजींवर तिला तेवढा राग नव्हता, ते तसेच होते. पण हा एक माणूस तिला मिळाला होता आणि तोही त्यांनी घेतला. रडू आलं, ते तिनं कोणी बघायच्या आत पुसून टाकलं. कोणी बघितलं असतं तर त्याचंही कौतुक झालं असतं.

ती आत आली. हॉल रिकामा झाला होता. एक बाई प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालत होती. टीमचा बॉल कोपऱ्यात पडला होता. पायलनं तो चाकाला दाबून वर सरकवत मांडीवर घेतला, संत्री जमिनीवर ठेवली आणि मघाच्याच जागी येऊन थांबली. समोर प्रेमिला नव्हती, घड्याळ बंद होतं. तिनं बॉल उचलला आणि टाकला.

बॉल रिंगवर आपटला, एकदा फिरला आणि बाहेर पडला.

खुर्च्या रचणाऱ्या बाईनं हातातलं काम थांबवून टाळ्या वाजवल्या.

पायलनं तिच्याकडं पाहिलं नाही. तिनं दाराकडं पाहिलं, रिकाम्या, आणि होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढून ओरडली, "हातात वरण-भात हाय का वं, बारा नंबर!"

आवाज त्या भिंतीपर्यंत गेला आणि परत तिच्याकडंच आला. बाईचे हात तसेच वर राहिले. पायल बॉलच्या मागं निघाली.