पूजेत बसलेले हेडगार्ड

मी एक जुने हेडगार्ड आहे. मित्रांनो, नाव ऐकून नाक मुरडू नका. बॉक्सिंग खेळणाऱ्यांच्या डोक्यावर बांधतात ते जाडजूड, गालही झाकणारे टोपडे म्हणजे मी. माझा लाल रंग जागोजागी उडाला आहे, हनुवटीखालचा पट्टा कितीदा तरी बदलला आहे आणि माझ्या वासाबद्दल न बोललेलेच बरे. पण हे सगळे मी मिरवते. खुंटीवर नवेकोरे राहून कोणाचे भले झाले आहे?

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या एका दुकानात आले. एके दिवशी फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार दौलतसिंह आपल्या नातीला घेऊन तिथे आले. त्यांचे पूर्वज सैनिक म्हणून दक्षिणेतून इकडे आले होते. त्या घराला लढणे नवे नव्हते. मुलीने लढायला जाणे मात्र अगदी नवे होते. नात होती स्मृती, तेरा वर्षांची, काटकुळी, पण नजर अशी की समोरच्याने आधीच दोन पावले मागे व्हावे.

दुकानदार म्हणाला, "पहले ग्लोव्ज देखो, अंकल."

खरबूज पारखावे तसे मला अंगठ्याने दाबत दौलतसिंह म्हणाले, "मारना तो इसको आता है. शिर सलामत तो पगडी पचास!"

असे मी हरिशंकरपुरममधल्या त्यांच्या घरी आले. रोज संध्याकाळी आम्ही किला गेटजवळच्या दिग्विजयसिंह सरांच्या बॉक्सिंग क्लबात जायचो. सुरुवातीला मी स्मृतीला इतके मोठे व्हायचे की ठोसा बसला की मी तिच्या डोळ्यांवर घसरायचे. पहिली लढत ती माझ्यामुळेच हरली, असे ती आजही सांगते. सांगू द्या. त्यानंतर जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय पदक! लढतीत तिला रिंगचा निळा कोपरा मिळाला, तर माझ्या जागी दुसरेच निळे हेडगार्ड चढायचे आणि मी पिशवीत हिरमुसून बसायचे. पण लाल कोपरा मिळाला की बघायलाच नको. घरी आल्यावर आबा, म्हणजे दौलतसिंह, ओल्या फडक्याने मला पुसायचे आणि सावलीत वाळत ठेवायचे. कातड्याला ऊन सोसत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

मग स्मृतीने व्यावसायिक बॉक्सर व्हायचे ठरवले. सर म्हणाले, "सोच ले बेटा. प्रोफेशनल में राउंड ज़्यादा, और लड़ाई में हेडगार्ड नहीं. चेहरा खुला."

मित्रांनो, म्हणजे लढतीत मी नाहीच! सरांनी पुढे बजावले होते की सरावात मात्र हेडगार्ड लागतेच. स्मृतीने नेमके तेवढेच कानाआड केले. पहिली लढत दिवाळीनंतर दिल्लीत ठरली. पोस्टरवर तिचा फोटो छापला, उघड्या चेहऱ्याचा. ती मला घामासकट पिशवीत कोंबू लागली. माझ्या अंगाला वास यायला लागला तो तेव्हापासून.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या शस्त्रांची पूजा करायची आणि दसऱ्याला पूजा उठेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही त्या घराची रीत. आबांनी पाटावर जुनी तलवार मांडली, कट्यार मांडली आणि मधोमध मला बसवले. मला हळदकुंकू! मला झेंडूची माळ! मी तर फुलून गेले.

संध्याकाळी स्मृती पिशवी घेऊन आली. "आबा, माझं हेडगार्ड?"

"पूजेत बसलंय. आता उद्याच उठेल."

"पण आज स्पारिंग आहे ना!"

"क्लबातलं घे एखादं."

"ते सगळे ढीले आहेत," ती हसली. "छोडो, आबा. तसंही आता उघड्या तोंडानंच लढायचंय."

आणि गेली. मी तलवारीशेजारी माळ घालून बसून राहिले.

पुढचे मला रात्री घरी आलेल्या हर्षिताच्या रडण्यातून कळले. हर्षिता म्हणजे तिची स्पारिंगमधली, म्हणजे सरावाच्या लढतीतली, जोडीदारीण. सर स्वतःच्या घरची पूजा आटोपून यायचे होते, त्याआधीच दोघींनी सुरुवात केली. दोघी एकदम पुढे झुकल्या आणि हर्षिताचे डोके स्मृतीच्या भुवईवर आपटले. भुवई फाटली, टाके पडले. डॉक्टरांनी दिवाळी उलटून जाईपर्यंत ठोसा खायला मनाई केली. तयारीच होणार नव्हती, म्हणजे दिल्लीची लढत दुसऱ्या मुलीला जाणार.

आबा पूजेच्या पाटाशी येऊन बसले. "माझ्या हातानं तुझी ढाल काढून घेतली मी."

"नाही, आबा. शहाणपणा मी केला. आता परत कोण बोलावणार मला?"

तेव्हा आबांनी जे केले ते त्या घरात कोणी केले नव्हते. दसरा उजाडायच्या आधीच त्यांनी माझी माळ उतरवली, मला पूजेतून उचलले आणि तिच्या मांडीवर ठेवले. "देवी रागावली, तर मला रागावेल. तू हे डोक्यावरून उतरवायचं नाही."

तिने मला छातीशी धरले. माझ्यावरचे कुंकू तिच्या सदऱ्याला लागले. त्या क्षणी मला तिची इतकी माया आली की काय सांगू!

बोलावणे आले, पण उन्हाळ्यात. तोवर माझ्याशिवाय ती एकदाही सरावाला उतरली नाही. लढतीच्या दिवशी ती मला घालूनच रिंगपर्यंत चालत गेली. लोक हसले. दोरांपाशी सरांनी माझा पट्टा सोडला आणि मला आबांच्या हाती दिले. समोरची मुलगी हुशार होती. पहिल्या फेरीपासून त्या भुवईवरच्या व्रणावर टपून होती. पण माझ्या आत राहून शिकलेले झुकणे, वळणे, हात वर ठेवणे स्मृतीच्या अंगात मुरले होते. शेवटच्या घंटेपर्यंत तो व्रण कोरडा राहिला आणि पंचांनी तिचाच हात उंचावला. आबांनी मला इतके आवळले की माझी एक शिवण उसवली. उसवू दे!

मित्रांनो, तुमच्या वस्तू पुसा, सावलीत वाळवा, फाटले तर शिवा. हळदकुंकूही लावा, आम्हाला आवडते. पण कामाच्या वेळी आम्हाला पाटावर बसवू नका. आज पुन्हा खंडेनवमी आहे. माझी पूजा सकाळीच झाली, आणि आबांनी स्वतःच मला उचलून पिशवीत ठेवले. आता स्मृती माझा पट्टा आवळते आहे. कपाळावरचे कुंकू तिने पुसलेले नाही, माझेही नाही. हर्षिता रिंगमध्ये उभी आहे. चला, व्हा बाजूला.