मुक्कामाचं पातेलं

मी पातेलं बोलतोय. कुणा एका घराचं नव्हे. दरवर्षी तंबू घेऊन नदीकाठी मुक्कामाला जाणाऱ्या एका गोतावळ्याचं. नातेवाईक, शेजारी, मित्र, त्यांची मुलं, अशा सगळ्यांचं जेवण एकट्या माझ्यात शिजायचं.

एका कारखान्यात गोल पत्र्यावर यंत्राचा दाब पडला आणि मी खोलगट झालो. दोन बाजूंना कड्या ठोकून मला भांड्यांच्या दुकानात पाठवलं. तिथे सगळ्यात वरच्या फळीवर मी उपडा पडून होतो. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायची, "एवढं धूड घासणार कोण?" म्हणायची आणि माझ्या धाकट्या भावंडांपैकी कुणालातरी उचलून न्यायची.

एक दिवस गळ्यात मोजपट्टी अडकवलेली एक बाई आली. तिने मला खाली उतरवायला लावलं, बुडावर बोटाने टकटक केलं आणि कापड पारखावं तसा माझा काठ चिमटीत धरून पाहिला. ती शिवणकाम करायची. गोतावळ्यात सगळे तिला वहिनी म्हणत, तिच्यापेक्षा मोठेसुद्धा.

मला घेण्यामागे कारण होतं. त्याआधीच्या मुक्कामाला प्रत्येक घराने आपापलं सामान नेलं होतं. मीठ सगळ्यांनी आणलं आणि काडेपेटी कुणीच नाही. एका तंबूत पोट फुगेपर्यंत खाणं, तर शेजारच्या तंबूत पोटात कावळे ओरडतायत. वहिनींनी त्या सगळ्या प्रकाराला एकच नाव दिलं होतं, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

माझ्या येण्याने नियम ठरला. जे एका पातेल्यात शिजेल आणि एका वाडग्यात मावेल, तेच न्यायचं. मुक्काम जवळ आला की वहिनींचं शिवणाचं दुकान बंद झाल्यावर कापड बेतायच्या टेबलाभोवती सगळे जमत. वहिनी खडूने टेबलावरच रेघा मारून जेवणं बेतत. नासणारं असेल ते पहिल्या दिवशी संपवायचं. गाजरं, भोपळा घरीच चिरून न्यायचं. कांदा परतून डब्यात भरायचा. अंडी पिठाच्या डब्यात पुरायची, म्हणजे फुटत नाहीत. डाळ-तांदूळ शेवटच्या दिवसासाठी. चुलीवर चढवण्याआधी माझ्या बुडाला बाहेरून ओली माती फासायची, म्हणजे काजळी सहज निघते.

या बैठकीत दोघांचा आवाज मोठा असे. एक बेकरीवाला. त्याला प्रत्येक वेळी काहीतरी भारी करायचं असे, आणि वहिनींच्या साध्या बेताला तो नाकं मुरडी. दुसरा कप्तान, वहिनींचा धाकटा दीर. तो बस चालवायचा आणि गोतावळ्याची भाड्याची बसही तोच हाकायचा. कप्तानाला काहीही चालायचं, फक्त भरपूर हवं. भात माझ्या तळाला लागून कडक झाला की तो चमच्याने खरवडायचा मान त्याचा. तो करकर आवाज आणि त्याचं हसणं एकत्रच ऐकू यायचं. माझ्या बुडावरचे निम्मे ओरखडे त्याचे आहेत.

मग कप्तानाच्या घशाचं दुखणं निघालं. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार झाले. माणूस वाचला, पण गिळणं पहिल्यासारखं राहिलं नाही. मऊ, पातळसर, थोडं थोडं, मान किंचित खाली करून. एक वाडगा संपायला खूप वेळ लागे आणि मध्येच ठसका लागे. मी तेव्हा वहिनींच्या दुकानात शिलाई यंत्राखाली होतो. कप्तानाची मुलगी तिथे आली आणि स्टुलावर बसली. मग म्हणाली, "काकू, बाबा स्वयंपाकघराचं दार लावून एकटे जेवतात. आईलाही आत येऊ देत नाहीत."

वहिनींनी यंत्राचं चाक हाताने थांबवलं. "आणि मुक्कामाचं काय म्हणतायत?"

कप्तान म्हणत होता, मी तुम्हाला पोहोचवतो आणि परत फिरतो, शेवटच्या दिवशी न्यायला येतो.

त्या वर्षीचा बेत वहिनींनी नव्याने आखला. भोपळ्याचं दाट सूप. डाळ आणि तांदूळ घोटून मऊ. सकाळी दुधातली लापशी. उकडून कुस्करलेले बटाटे, त्यात लोणी. बेकरीवाला वैतागला. हे काय रुग्णालयाचं जेवण, दात पाडून यायचं का सगळ्यांनी, असं बोलून गेला. वहिनींनी त्याला कारण सांगितलं. जाताना दारात थांबून त्याने विचारलं, कडा काढलेला मऊ पाव दुधात भिजवला तर चालेल का.

कप्तानाला परत फिरू द्यायचं नाही, हे काम त्याच्या बायकोने केलं. तिने त्याचे कपडे आधीच पिशवीत भरून बसच्या टपावर चढवले होते.

या वेळी पहिल्याच संध्याकाळी डाळ-तांदूळ शिजले. सगळे वाडगे घेऊन माझ्याभोवती बसले. कप्तानही बसला, जरा मागे. तो पुढे येईना, म्हणून इतक्या वर्षांच्या सवयीने त्याचा मान राखायला बेकरीवाल्यानेच माझ्या तळाचा कडक झालेला पापुद्रा खरवडला आणि कप्तानाच्या वाडग्यात टाकला.

टाकल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याचा हात तसाच हवेत राहिला. सगळ्यांचे चमचे थांबले. मला वाटलं, आपल्याला झाकण तरी असतं तर बरं झालं असतं.

कप्तानाने वाडग्याकडे पाहिलं, मग इतरांच्या वाडग्यांकडे. सगळ्यांत तेच मऊ जेवण. त्याला उमगलं. त्याचा आवाज आता घोगरा झाला होता, पण शब्द स्पष्ट होते. "माझ्यामुळे सगळे आजाऱ्याचं खाताय होय? मला कुणाची दया नकोय, वहिनी."

"दया कसली, भाऊजी?" वहिनी वाढता वाढता म्हणाल्या. "दोन जेवणं केली तर भांडी दुप्पट. ती तुम्ही घासणार होतात का?"

दोघं-तिघं हसले. कप्तान हसला नाही. तो वाडगा घेऊन बसमध्ये गेला आणि चालकाच्या जागेवर सगळ्यांकडे पाठ करून बसला. वहिनी वाढत राहिल्या, पण पळी माझ्या काठाला सारखी आपटत होती.

सकाळी लापशी बेकरीवाल्याने करायला घेतली. रात्रभर त्याला झोप लागली नव्हती, डोळे तांबारले होते. काहीतरी भरपाई करायची होती बिचाऱ्याला. पण भट्टी सांभाळणं वेगळं आणि चूल सांभाळणं वेगळं. जाळ भडकला, दूध वर आलं, रव्याच्या गुठळ्या झाल्या. तो घाबरून नुसताच ढवळत सुटला.

कप्तान गोळीसाठी कोमट पाणी न्यायला आला होता. पेला हातात धरून तो थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने पेला बाजूला ठेवला, दोन लाकडं बाहेर ओढली आणि बेकरीवाल्याच्या हातातून डाव घेतला. माझ्या काठावर गुठळ्या दाबून दाबून त्याने फोडल्या. थोडं दूध घातलं. बोटाच्या टोकावर घेऊन चाखलं.

"मीठच नाही यात," तो म्हणाला. "चिमूटभर मिठाशिवाय गोडाला चव कशी येणार?"

बेकरीवाल्याने मीठ आणून दिलं. दोघांनी एकमेकांची क्षमा मागितली नाही. एकाने ढवळलं, दुसऱ्याने जाळ धरला.

पुढचं मी अगदी जवळून पाहिलं. कप्तानाने सगळ्यांना वाढलं आणि माझ्याशेजारीच एका खोक्यावर बसून स्वतःचा वाडगा हातात घेतला. त्याचा थोरला भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरा, येऊन त्याच्या बाजूला बसला. हे दादा घड्याळं दुरुस्त करत. जन्माचे अबोल. इतरांचं जेवण झालं, मुलं नदीकडे पळाली. दादा मात्र बसून होते. कप्तानाने एक घास घेतला की दादा एक घास घेत. कप्तान थांबला की ते थांबत. मध्ये त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. दादांनी पाहिलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही, नुसता चमचा खाली ठेवून समोरच्या झाडाकडे बघत राहिले. ठसका ओसरला तसा चमचा पुन्हा उचलला.

दादांची लापशी केव्हाच गार झाली होती. वर साय धरली होती. त्यांना गार खाणं मुळीच आवडत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बऱ्याच वेळाने कप्तान म्हणाला, "दादा, तू पुढे हो ना. मला वेळ लागतो."

"मला कुठे जायचंय?" दादा म्हणाले.

दोघांचे वाडगे एकदमच रिकामे झाले.

त्यानंतर कप्तानाच्या स्वयंपाकघराचं दार उघडं राहू लागलं, असं त्याची मुलगी वहिनींना सांगून गेली. गिळणं पूर्ण सुधारलं नाही, पण कप्तानाची जीभ शाबूत होती, आणि गोतावळ्याला तीच उपयोगी पडली. पुढच्या बेताला खडू वहिनींच्या हातून त्याने मागून घेतला. मऊ जेवणालाही किती चवी असतात, हे सगळ्यांना त्याने शिकवलं. एका मुक्कामाला बेकरीवाल्याने दुसऱ्यांदा भोपळ्याचं सूप मागितलं, तेव्हा कप्तानाने त्याला आठवण करून दिली, की रुग्णालयाचं जेवण जपून खावं.

माझं म्हणाल तर बूड झिजत गेलं, एक कडी निखळली आणि शेवटी तळाला बारीकसं छिद्र पडलं. माझ्या जागी जाड बुडाचं नवं पातेलं आलं. चांगलं आहे, चटकन करपू देत नाही. मला त्याचा राग नाही. वहिनींनी माझं छिद्र बुजवलं आणि आता शिवण्याआधी सुती कापड आटावं म्हणून ते माझ्यात भिजत घालतात. थंड पाण्याची सवय व्हायला मला वेळ लागला, इतकंच.

तुम्हीही कधी चार माणसं मिळून मुक्कामाला जाल. डाळ किती, तांदूळ किती, हे जरूर बेता. पण त्याआधी विचारा, आपल्यातलं कोण काय खाऊ शकत नाही. आणि जो सगळ्यांत हळू जेवतो, त्याच्याजवळ थोडं बसून राहा.

बरं, निघा आता. वहिनी बादली घेऊन आल्यात. अस्तराचं कापड भिजायचंय.