श्वासाचे विरजण

मित्रांनो, मी एक म्हातारी त्साबूना आहे, ग्रीक बेटांवरचे पिशवीचे वाद्य. कातडे शेळीचे, घसा बोरूचा आणि हट्टीपणा दोघांचाही. फुंकले की फुगते, दाबले की ओरडते, आणि कोणी विचारले नाही तरी बोलते. कित्येक वर्षे मला कोणी विचारलेच नाही. आज तुम्ही सापडलात, आता सुटका नाही.

माझा जन्म दोनदा झाला. पहिल्यांदा मी फ्लोरिडातल्या एका संत्र्याच्या मळ्यात शेळी म्हणून जन्मले. तिथे एकदा मी पाद्रीबाबांच्या झग्याची बाही खाल्ली. तेव्हापासून दर रविवारी मला आपोआप प्रार्थना येऊ लागली. खोटे वाटत असेल तर मळेवाल्याला विचारा. तो वारला आहे, पण विचारा.

दुसरा जन्म टार्पन स्प्रिंग्समध्ये, स्केव्होसच्या परसात झाला. स्केव्होस समुद्राच्या तळाचे स्पंज काढणारा पाणबुड्या. कालिम्नोस बेटावरून इकडे आला तेव्हा त्याने कोटाच्या अस्तरात तिथली नळी लपवून आणली होती. बोरूच्या दोन नळ्या, एकमेकींना चिकटून, लाकडी पन्हळीत मेणाने बसवलेल्या. त्याने माझे कातडे कुठेही न चिरता अंगरख्यासारखे ओढून काढले, मीठ चोळले, केस आखूड केले आणि मला उलटी केली. म्हणून माझे केस आत आहेत. लोक म्हणतात, थंडी बाहेरून वाजते. माझा अनुभव वेगळा आहे.

मग एका पुढच्या पायात बेटावरची नळी बसली, दुसऱ्यात फुंकणी. फुंकणीच्या तोंडाशी आतून चामड्याची एक झापड असते. ती श्वासाला आत घेते, पण परत जाऊ देत नाही. ही झापड लक्षात ठेवा, मित्रांनो.

माझे कामाचे दिवस थाटाचे होते. ईस्टर झाला की होड्या स्पंजावर निघत आणि शेवटची होडी खाडीच्या वळणाआड जाईपर्यंत स्केव्होस धक्क्यावर उभा राहून मला वाजवी. एकदा मी अशी काही चढले की खाडीतली एक मगर किनाऱ्यावर येऊन हुंदके देऊ लागली. कोळंबी आपण होऊन होडीत उड्या मारत होती. पाद्रीबाबा म्हणाले, हा चमत्कार नाही, ही अतिशयोक्ती आहे. मला तो मोठा सन्मान वाटला.

गावात दुसरी त्साबूना पोथितोसची. तोही पाणबुड्या, आणि स्केव्होसचा जिवलग वैरी. "तुझी शेळी पडसं झाल्यासारखी वाजते," असे तो म्हणे. स्केव्होस म्हणे, "तुझी तर मेल्यावरसुद्धा लाजते." मग दोघे एकाच बाकावर बसून एकाच ताटलीतले भाजलेले ऑक्टोपस खात. पुढे पोथितोसच्या त्साबूनेला दमट हवेने बुरशी आली आणि उरलेली शेजारच्या कुत्र्याने पळवली. ते कुत्रे बरेच दिवस सुरात भुंकत होते. नवे कातडे कमावणारे हात तोवर गावात उरले नव्हते.

इथपर्यंत मी थोडे तिखटमीठ लावले. पुढचे बिनमिठाचे आहे.

एका दुपारी स्केव्होस ओसरीवर बसला. त्याने मला पोटभर फुंकले, काखेत घेतले, नळीवर बोटे ठेवली आणि मान खाली घातली. दाबायचे राहून गेले. थेमेलिना कॉफी घेऊन बाहेर आली. ती त्याची बायको. तिने बघितले आणि ती ओरडली नाही. आधी तिने नळीची दोन्ही तोंडे अंगठ्याने दाबून धरली. मग घरातून मेणबत्ती आणली, मेण मऊ करून ती तोंडे बुजवली. मला भिंतीवर संतांच्या तसबिरीखाली टांगले. मग ओरडली.

त्या दिवसापासून माझ्यात स्केव्होसचा शेवटचा श्वास आहे, असे सगळ्या गावाला माहीत झाले. कोणी मला हात लावला नाही. घरात काळे कपडे आले, गाणे बंद झाले. धक्क्यावर आता स्पंजाची दुकाने कमी आणि पाहुण्यांना फिरवणाऱ्या होड्याच जास्त. त्यांच्या भोंग्यांतून कसली कसली गाणी खिडकीपर्यंत येत. मी भिंतीवरून ऐके. वाद्याला ऐकत बसावे लागणे, मित्रांनो, हे भुकेल्याने दुसऱ्याचे ताट बघत बसण्यासारखे असते.

आणि एक गोष्ट फक्त थेमेलिनाला आणि मलाच ठाऊक होती. मी शेळीचे कातडे आहे, तिजोरी नाही. शिवणीतून, गाठीतून मी झिरपते. स्केव्होसला पुरून आठवडाही झाला नव्हता आणि माझे पोट खपाटीला गेले. थेमेलिना समोर उभी राहून बघत होती. तिने दाराकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले, तसबिरीतल्या संताची नजर चुकवली आणि फुंकणीला तोंड लावून एकच छोटी फुंकर मारली. मग स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, चोरी केल्यासारखा.

पुढे दर शनिवारी, चर्चमधल्या संध्याकाळच्या प्रार्थनेहून आल्यावर, तेच. एक फुंकर, कधी दोन. त्यानंतर ती माझ्या पोटावर गाल टेकून बसे. बोलत नसे. मीही बोलू शकत नव्हते. माझी तोंडे तिनेच बंद केली होती. एका खोलीत दोन मुक्या म्हाताऱ्या आणि मध्ये एक खोटे. वर्षे गेली.

मग एके दिवशी दुपारी पोथितोस आला, हातात कोळंबीची पिशवी. पाण्याखाली राबून त्याची छाती पार गेली होती. चार पायऱ्या चढला की भिंत धरी. बरोबर नोमिकी होती, थेमेलिनाची नात; आजीला ती याया म्हणे. पाहुण्यांच्या होडीचे सुकाणू सांभाळणारी, दंडावर नांगर गोंदलेली, तोंडात सदा पुदिन्याचे च्युइंगम.

नोमिकीने बसायला म्हणून टेबलावरचे शालीत गुंडाळलेले भांडे सरकवले.

"हात काढ! दही लागतंय," थेमेलिना खेकसली.

"याया, तू भांड्याला माझ्यापेक्षा जास्त जपतेस."

"भांडं उलट बोलत नाही."

पोथितोसला दम लागला होता. तो सरळ मुद्द्यावर आला. "वहिनी, भिंतीवरची शेळी द्या. पोरगी शिकायला तयार आहे. माझ्या छातीत वारा नाही, पण बोटांत सूर आहेत अजून. मी गेलो की तेही गेले. मग या गावात ते कुणालाच येत नसतील."

"भिंतीला हात लावलास तर बघ, मेल्या. त्यात माझा माणूस आहे."

"तुमचा माणूस दफनभूमीत आहे. मी खांदा दिलाय. अजून दुखतो."

"देह नेलात तुम्ही. श्वास माझ्याकडे ठेवलाय. वाजवलीत की तो गेला. मग मी काय भिंतीशी बोलू?"

नोमिकी हळूच म्हणाली, "पण याया, फुंकलं नाही तर कातडं वाळून तडकतं. मग आजोबांचा श्वास राहणार कुठे?"

पोथितोसने एकदम माझ्याकडे पाहिले. "खरंच की. एव्हाना हिचा पापड व्हायला हवा होता." तो उठला, अंगठ्याने माझे पोट दाबले. मी कानाच्या पाळीसारखी मऊ होते. त्याने फुंकणीला नाक लावले. तिथेच थांबला.

"वहिनी, लवंगेचा वास येतोय."

"कसर लागू नये म्हणून ठेवली असेल."

"ती बाहेर ठेवतात. हा आतून येतोय. स्केव्होसच्या तोंडाला तंबाखूचा वास असायचा. आणि शेवटी तर त्या तोंडात एक दात नव्हता. मग ही लवंग कुणाच्या दाढेची?"

थेमेलिनाची दाढ गावभर प्रसिद्ध होती. तिची लवंगही.

ती खुर्चीत बसली. बराच वेळ शालीची कड चुरगाळत राहिली. "ती सुकत चालली होती रे," ती म्हणाली. "रोज जराशी. मला वाटलं, हा दुसऱ्यांदा चाललाय. म्हणून थोडं थोडं... आता त्याचं त्यात काय उरलं असेल? कळतं मला. इतकी वर्षं मी माझाच श्वास उराशी धरून बसलेय."

नोमिकीचे च्युइंगम थांबले. खाली एका होडीचा भोंगा वाजत होता.

मग पोथितोसने त्या शालीतल्या भांड्याकडे बोट केले. "दही कशानं लावलंत?"

"कशानं म्हणजे? कालच्या दह्यानं."

"आणि कालचं?"

"परवाच्या. डोकं फिरलंय का तुझं?"

"पहिलं विरजण कुणाचं?"

"सासूबाईंचं. रुमालाला लावून वाळवलं होतं त्यांनी. बोटीतून तसंच आणलं."

"मग आता त्यात सासूबाईंचं काय उरलंय?"

"सगळं, गाढवा," थेमेलिना फटकन म्हणाली. आणि तिची नजर भिंतीवर माझ्याकडे वळली.

पोथितोस खाली बसला. "आम्ही वाजवणारेही तेच करतो, वहिनी. पोतं कधी रिकामं होऊ देत नाही. तळाशी थोडं ठेवायचं, त्यावर नवं फुंकायचं."

थेमेलिनाने मला खाली काढले. अंबाड्यातली पिन काढून मेण कोरायला लागली. पहिली नळी मोकळी झाली आणि मी सुस्कारले. तिचा अंगठा धावत येऊन त्या तोंडावर बसला, अगदी त्या दुपारसारखा. आम्ही सगळे थांबलो. मग तिने अंगठा उचलला.

फुंकणार कोण, हा प्रश्नच नव्हता. वाऱ्याचा साठा तिच्याकडे, बोटे पोथितोसची. मी तिच्या काखेत, नळी त्याच्या हातात, दोघे गुडघ्याला गुडघा लावून. पहिला सूर इतका वाईट निघाला की शेजारीण कुंपणापाशी आली.

"थेमेलिना! काळ्या कपड्यात परक्या पुरुषाबरोबर हे काय चाललंय?"

"दिसत नाही? दही लावतोय!" थेमेलिना ओरडली आणि पुन्हा फुंकणीला लागली.

दुसरा सूर मात्र होड्या निघतानाचा होता. खाडीतल्या मगरीने मान वर केली म्हणे. मी पाहिले नाही. मी रडत होते, आणि वाद्याचे रडणे लोकांना गाणेच वाटते.

पोथितोस त्याच हिवाळ्यात गेला. त्याआधी त्याने आपले सूर एकेक करून नोमिकीच्या बोटांत घातले, शिव्यांसकट. त्यानंतर थेमेलिना गेली. आता माझ्या अंगाला पुदिन्याचा वास येतो. शनिवारी काम संपले की नोमिकी धक्क्यावर एकटीच वाजवते. ऐकायला फारसे कोणी नसते. कोणी पाहुणा विचारतो, हा आवाज कुठल्या प्राण्याचा? उरलेले सहा दिवस मी भिंतीवर असते, आणि त्या खोलीत आता गाल टेकणारे कोणी नाही. पण माझ्या तळाशी, पुदिन्याच्या खाली लवंग आहे, आणि लवंगेखाली, कोणी मानो न मानो, तंबाखू आहे. हे मी खोटे सांगत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे जुने काही खुंटीला लटकत असेल. त्याला नुसता नमस्कार करू नका. नमस्काराने कातडे मऊ राहत नाही. खाली काढा. फुंका, वाजवा, बेसूर झाले तर शेजाऱ्यांशी भांडा. फक्त तळाशी थोडे राहू द्या.