प्रॉम्प्टरची प्रत

बय्यूमी चाळीस वर्षं कैरोच्या एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, अर्ध्या जमिनीत गेलेल्या पेटीत बसायचं आणि नट अडला की खालून वाक्य पुरवायचं. प्रेक्षकांना त्यांचं टक्कलसुद्धा कधी दिसलं नाही. त्यांची मुलगी सौसन शाळेत सांगायची, वडील सरकारी खात्यात आहेत. दर गुरुवारी ते तिच्यासाठी पास आणत आणि दर गुरुवारी तिला नेमका अभ्यास असे. पुढे ती रसायनशास्त्र शिकवू लागली आणि कंपनी बंद पडली.

आता ते नव्वदीला टेकले होते. मुलीची ओळख कधी पटे, कधी नाही. कपाट आवरताना सौसनला त्यांची एका जुन्या प्रहसनाची प्रत सापडली. घरचे आपल्याबद्दल काय बोलतात ते कळावं म्हणून एक कापडव्यापारी बहिऱ्याचं सोंग घेतो, अशी गोष्ट. हे कुणाला पटेल, असं म्हणतच तिने वाचायला घेतलं. विसाव्या पानावर ती एकटीच मोठ्याने हसली. मग पुन्हा, मग पुन्हा.

तिसऱ्यांदा हसल्यावर तिच्या लक्षात आलं. जिथे जिथे हसू आलं, तिथलं छापील वाक्य खोडलेलं होतं आणि वर वडिलांच्या अक्षरात पेन्सिलीने दुसरं लिहिलं होतं. समासात तारखा आणि आकडे: हशा किती सेकंद टिकला. हशा अकरा सेकंदांपर्यंत जाईतो एकच वाक्य त्यांनी पाच वेळा बदललं होतं. इतक्या निगुतीने ठेवलेल्या नोंदी तिने प्रयोगशाळेतही क्वचितच पाहिल्या होत्या.

प्रत घेऊन ती गच्चीत गेली. ते कलिंगड आणि चीज खात बसले होते.

"बाबा, ही वाक्यं तुमची आहेत?"

"वाक्यं नटांची असतात, बाई. आम्ही नुसती आठवण करून देतो."

ती शेजारी बसून त्यांना वाचून दाखवू लागली. थोड्या वेळाने त्यांनी तिला थांबवलं. विनोद करतेय असं दाखवू नकोस म्हणाले, सरळ बोल, लोकांना कळतं. ती सरळ बोलू लागली. नोकराचं भाषण आलं, आणि तिच्याने पुढे वाचवेना.

"बाबा, मी एकदाही..."

तिचा आवाज अडला. ते लगेच पुढे वाकले, तोंडाशी हात आडवा धरला आणि हलक्या, स्वच्छ आवाजात म्हणाले, "मालक, तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणूनच या घरात सगळे खरं बोलतात."

"ते नाही, बाबा. मला सांगायचं होतं..."

त्यांनी तेच वाक्य पुन्हा दिलं. किंचित मोठ्याने, पण जराही न वैतागता. अडलेल्या प्रत्येक नटाला ते असंच देत असणार.

तिने ते वाक्य म्हटलं. ते समाधानाने मागे टेकले आणि पान उलटायची खूण केली.