सात नंबरची खाट

नऊ वर्षं उत्तर न दिलेलं ते पत्र थेंबकाकांना भलत्याच वेळी आठवलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. डोळ्यावरची पट्टी नुकतीच काढलेली, काका सात नंबरच्या खाटेवर उताणे, आणि सिस्टर औषधाची बाटली धरून उभी. पहिला थेंब गालावर गेला होता, दुसरा कानात.

"काका, तुमच्या कानाला काही झालेलं नाहीये," सिस्टर म्हणाली.

काका ओशाळले. याच वॉर्डात त्यांनी छत्तीस वर्षं लोकांना थेंब घातले होते. खरं नाव सगळे विसरले, थेंबकाका तेवढं उरलं. कानाचं औषध आधी मुठीत धरून कोमट करायचं, गार थेंबानं माणसाला गरगरतं. नाकात घालायचं तर मान खाटेच्या कडेवरून खाली सोडायची. डोळ्याची खालची पापणी ओढून थेंब त्या खोबणीत सोडायचा, मग नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा, नाहीतर औषध घशात उतरतं. सगळं तोंडपाठ. आणि स्वतःचा डोळा मात्र बाटली दिसली की शिंपल्यासारखा मिटत होता. काकू तोंड फिरवून हसत होत्या. डॉक्टर हसले नव्हते. औषध आत गेलं नाही आणि पू धरला तर डोळा हातचा जाईल, असं सकाळीच स्वच्छ सांगून गेले होते.

"बरं, वर बघा," सिस्टर म्हणाली. "छतावर ओलीचा डाग आहे ना, त्यात हत्ती लपलाय. शोधा."

काका चपापले. हे वाक्य त्यांचंच होतं, आणि पत्रही त्या हत्तीचंच.

आठ वर्षांची एक मुलगी, डोळ्यात चुना उडाला म्हणून पंधरा दिवस याच खाटेवर होती. दर तासाला थेंब, दर तासाला रडारड. तेव्हा काकांनी तो हत्ती पहिल्यांदा काढला. पुढे ती मोठी झाली, आई झाली, आणि तिनं लिहिलं, की मुलाचा कान दुखतोय, थेंब घालताना मीही त्याला भिंतीच्या पोपड्यांत हत्ती शोधायला लावते. तो विचारतो, आई, तुला सापडला होता का? मला तर तेव्हा नव्हता सापडला. काका, खरंच होता का?

काकांनी पाच-सहा वेळा कागद पुढ्यात घेतला. होता म्हणावं तर खोटं, नव्हता म्हणावं तर पोराचे थेंब वाया. आणि खरी गोष्ट याहून लाजिरवाणी. काकांनी कधी वर नीट बघितलंच नव्हतं. छत्तीस वर्षं मान खाली, नजर दुसऱ्याच्या डोळ्यात. पत्र कपाटात गेलं ते गेलंच.

आता त्यांनी वर बघितलं. डाग पंख्यापासून खिडकीपर्यंत ऐसपैस पसरला होता. हा फुगवटा पोट धरावा, तर पाय कुठं? सोंड असलीच तर त्या कोपऱ्यात... तेवढ्यात डोळ्यात काहीतरी गार पसरलं.

"गेला," म्हणत सिस्टरनं कोपरा दाबून धरला.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"आधीच्या सिस्टरनी. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी."

"आणि हत्ती आहे कुठं?"

"मी कुठं झोपलेय इथं? तुम्हीच सांगा."

शेजारच्या खाटेवरचा ट्रकवाला म्हणाला, म्हैस आहे. पलीकडच्या मास्तरांना किटली दिसत होती. संध्याकाळपर्यंत वॉर्डात दोन तट पडले. काकूंनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं आणि हे तर तुमचे थोरले बंधू, असा निकाल दिला. काका इतके हसले की सिस्टरला पुढचा थेंब थांबून घालावा लागला.

चौथ्या दिवशी घरी आल्यावर काकांनी कागद घेतला. या वेळी खाडाखोड झाली नाही.

"उत्तराला नऊ वर्षं उशीर झाला, मुलाचा कान केव्हाच बरा झाला असेल. त्या खाटेवर मी कधी झोपलोच नव्हतो, म्हणून काय लिहावं ते कळत नव्हतं. आता झोपलो. तीन दिवस शोधला. हत्ती सापडला नाही. पण शोधायला लागल्यापासून एकही थेंब बाहेर गेला नाही."

"अहो, नऊ वर्षांनी एवढंच?" काकूंनी विचारलं.

"एवढंच," काका म्हणाले, आणि काळा चष्मा लावून निघाले.

टपालपेटीवरची वेळ त्यांना रस्त्याच्या अलीकडूनच वाचता आली. पाकीट आत पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला. मग थेंब घातल्यानंतरच्या जुन्या सवयीनं, मिनिटभर तिथंच थांबले.