आतून लागणारी कडी

मी एक खोली आहे. खोली म्हणायलाही जरा धाडसच लागतं. चार फूट लांब, तीन फूट रुंद, तीन बाजूंना प्लायवूड आणि चौथ्या बाजूला दार. आत एक उभा आरसा, दोन खुंट्या, एक स्टूल. नगरच्या कापड बाजारात नारायणशेठच्या दुकानाच्या माडीवर मी उभी आहे. वय अजून पुरतं वर्षाचंही नाही. तेव्हा मोठ्यांपुढं बोलू नये वगैरे मला सांगू नका. मी बोलणार.

माझ्या जागी पूर्वी धोतरांचे गठ्ठे असत, आणि उंदीर. दुकान काय ते खाली. पांढऱ्या चादरीची लांबलचक गादी, तिच्यावर मांडी घालून बसलेलं गिऱ्हाईक, समोर घड्या उलगडणारा गुमास्ता. घरातलं सर्वांत म्हातारं माणूस कापड बोटांत चुरगाळून बघणार आणि मान हलवणार. जिच्या अंगावर ते कापड जायचं, ती भिंतीला टेकून गप्प. पुष्कळदा ती आलेलीच नसे.

शेठची मुलगी दमयंती बी.ए. होऊन मुंबईला मामाकडे राहून आली. तिथं तिनं एक चार मजली दुकान पाहिलं. त्यात तरुणांसाठी एक अख्खा मजला वेगळा. आल्या आल्या ती वडिलांच्या मागं लागली.

"बाबा, माझ्या वयाची मुलं आपल्या दुकानात येतात ती पिशव्या उचलायला."

शेठनी सहा महिने ऐकलं नाही. समोरच्या दुकानात बेलबॉटम टांगलेली दिसली, तेव्हा ऐकलं. सत्तरच्या दिवाळीआधी गठ्ठे खाली गेले, माडीला आकाशी रंग लागला, कोपऱ्यात रेडिओ आला. जिन्यावर तिरक्या लाल अक्षरांत पाटी लागली : तरुण दालन. गादी नाही. कपडे दांडीला टांगलेले, कुणीही उठावं, आपल्या हातानं काढावं, आपल्या अंगाला लावून बघावं.

पहिल्याच दिवशी एक आजोबा जिना चढून आले, दांडीकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढ्या कपड्यांनी काय गुन्हा केला, फाशी दिली ती?" खाली उतरून गादीवर बसले तेव्हा कुठं त्यांना बरं वाटलं.

मला बांधलं भिंगारच्या सहादेव सुतारानं. शेठ म्हणत होते, पडदा लावू. दमयंती म्हणाली, दार. आणि दाराला आतून कडी.

"आतून?" सहादेव म्हणाला. "मंग ताई, भायेरून उघडायचं कसं?"

"बाहेरून उघडायचंच नाही. आतलं माणूस उघडेल."

सहादेवनं दोनदा मान खाजवली. मग पितळेची सरकती कडी आणली आणि चार स्क्रू असे पिळून आवळले, की माझं अंग कुरकुरलं. माझा जन्म मी त्या क्षणापासून धरते. कडी नसती तर मी नुसता आडोसा होते.

मी खूप माणसं पाहिली. आरशासमोर एकटं असलं की माणूस वेगळंच असतं. मुलं कॉलर वर करतात, खाली करतात, पुन्हा वर करतात. एकजण बेलबॉटम घालून आरशातल्या कुणा मुलीशी पाच मिनिटं बोलत होता आणि तिच्याकडून नकार आल्यासारखा उतरलेल्या चेहऱ्यानं बाहेर पडला. एका शाळेचे हेडमास्तर, धोतर-कोट-टोपीतले, पुतण्यासाठी म्हणून फुलाफुलांचा बुशशर्ट घेऊन आत आले. तो स्वतःच्या अंगावर घातला. बराच वेळ बघत राहिले. मग काढून खुंटीला अडकवला आणि न घेताच गेले. मला म्हाताऱ्या माणसांचा राग येतो तो यासाठीसुद्धा.

पण माझी खरी मैत्रीण चांगुणा. घोडेगावची शेतकऱ्याची मुलगी, नगरला वसतिगृहात राहून बी.ए. करणारी. मैत्रिणींबरोबर यायची, सगळं घालून बघायची, काही घ्यायची नाही. पहिल्यांदा आत आली तेव्हा तिनं कपड्यांना हातच लावला नाही. कडी लावली, काढली, लावली, काढली. तिसऱ्यांदा लावून स्टुलावर बसली.

"काय गं, अडकलीस का?" बाहेरून मैत्रिणीनं विचारलं.

"न्हाई. आमच्या न्हाणीला गोणपाट हाय," ती आतून म्हणाली. "कुणी आलं की खाकरायचं. मी जन्मात पहिल्यांदा कडी लावलीय. बसू दे जरा."

चैत्रात दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि त्याच आठवड्यात तिचा बस्ता आला. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. दोन्हीकडची वऱ्हाडं गादीवर बसतात आणि मानपानाच्या लुगड्यांवरून रुसतात. चांगुणाला वडील नव्हते. घरात चुलत्यांचा, सूर्यभानआबांचा शब्द. स्थळ त्यांनीच ठरवलं. चांगुणानं दोनदा विचारलं होतं, माझं शेवटचं वर्ष राहिलंय त्याचं काय? दोन्ही वेळा एकच उत्तर : "बस्ता हू दे, मग बोलू." आणि बस्ता बांधल्यावर लग्न मोडत नाही, हे त्या गादीलासुद्धा ठाऊक होतं.

त्यांच्या घरची रीत अशी, की शालू नवरीच्या खांद्यावर टाकायचा, तिला कुंकू लावायचं आणि मगच गठ्ठ्याला गाठ मारायची. ढीग निवडून झाला. तोवर चांगुणा भिंतीला टेकून होती. मग आबांना व्याह्यांपुढं मोठेपणा मिरवायची हुक्की आली.

"पोरीला वरचं नवं दालन दावा. एखादं तयार पोलकं घिऊ द्या तिच्या पसंतीनं. आमी काय जुन्या वळणाचे न्हाई."

चांगुणा वर आली. दांडीवरचं पहिलं पोलकं हाताला लागलं ते घेतलं, माझ्यात शिरली आणि कडी लावली. पोलकं खुंटीला अडकवलं. स्टूल आरशाकडं पाठ करून ठेवलं आणि दाराकडं तोंड करून बसली.

अर्ध्या तासानं आबा जिना चढून आले.

"चांगुणे, भायेर ये. माणसं खोळंबलीत."

"येते, आबा. आधी इचारा."

"काय इचारू?"

"तुमाला ठावं हाय."

"हितं दुकानात तमाशा करती व्हय? उघड म्हंतो ना."

ती उठली नाही. कडीवर बोट ठेवून बसून राहिली.

आबांनी दाराला खांदा लावला. खाली नवऱ्या मुलाची आई छबूबाई जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. शेठ धापा टाकत वर आले. हंगामातला सर्वांत मोठा बस्ता गादीवर सुटा पडला होता.

"दमे, तिला समजाव, दार उघडायला लाव."

"ते आतलं माणूस उघडेल," दमयंती म्हणाली आणि रेडिओ बंद केला.

आबांनी दुसऱ्यांदा खांदा मारला. प्लायवूड आत वाकलं. सहादेवचे चार स्क्रू आणि मी, आमच्यात त्या वेळी काय बोलणं झालं ते सांगत नाही. एकही स्क्रू सुटला नाही.

मग जिन्यावर पावलं वाजली. चांगुणाची आई राहीबाई वर आली होती. दिरासमोर कधी मान वर न केलेली बाई. पदर कपाळाच्या खाली.

"चांगुणे, मी हाय. एकलीच येते आत."

दार वीतभर उघडलं. राहीबाई आत आली. चांगुणाचा हात कडीकडं गेला तसा तिनं तो धरला.

"थांब. मला लावू दी."

तिला आधी सरकवता येईना. उलटीकडं ओढली. मग लागली. तो आवाज ऐकून तिनं पदर मागं सारला आणि आरशात स्वतःला पायापर्यंत पाहिलं. घरी तिच्याकडं हातात मावेल एवढाच आरसा होता.

"वयनी, आना तिला भायेर," आबा बाहेरून म्हणाले.

राहीबाई स्टुलावर बसली. लेकीला मांडीजवळ ओढून घेतलं.

"इचारा की तिला," ती म्हणाली. "तुमचं काय जातंय?"

आबांचा श्वास मला दाराच्या फटीतून जाणवत होता. अखेर ते बोलले, माडीवर आणि जिन्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं, कारण हळू बोलायची त्यांना सवयच नव्हती.

"बरं, इचारतो. करती का हे लगीन?"

"आता न्हाई," चांगुणा म्हणाली. "बी.ए. झाल्यावर बघू. आन् तवाबी इचारून."

छबूबाई वळली. "चला, उठा," तिनं आपल्या माणसांना सांगितलं. कडी निघाली तेव्हा खाली गादी रिकामी झाली होती. गुमास्ते संध्याकाळपर्यंत घड्या घालत होते.

दुसऱ्या दिवशी शेठनी सहादेवला बोलावलं आणि कडी काढायला लावली. "माझं दुकान कपडे विकायला आहे," ते म्हणाले. दमयंती दोन दिवस जेवली नाही. सहादेवनं स्क्रू काढले, पण काढताना मला म्हणाला, "घट बसवली हुती मी. बघितलं ना?" बघितलं होतं.

चार भोकं राहिली. त्यानंतर मुली जोडीनं येऊ लागल्या. एक आत, दुसरी बाहेर दाराला पाठ लावून. वसतिगृहात बातमी पसरली होती. एका शनिवारी पाचजणी दाराला ओळीनं टेकून उभ्या होत्या आणि शेठना त्यांच्याच माडीवर वाट काढायला जागा नव्हती.

आषाढात राहीबाई आली. एकटी, एस.टी.नं. शेठसमोर पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत लोखंडी कडी.

"दोन घेतल्या," ती म्हणाली. "एक घरी न्हाणीला लावली. दार आधी करावं लागलं. ही हितली."

शेठनी कडी उचलून उलटसुलट करून पाहिली.

"चांगुणा?" दमयंतीनं विचारलं.

"तिला वसतिगृहात सोडूनच आले."

"आणि आबा? कडीला काही म्हणाले नाहीत?"

"दोन दिस बोललं न्हाईत." राहीबाईनं पदर तोंडाला लावला. "तिसऱ्या दिशी स्वताच आत जाऊन लावून बघितली. लई येळ आतच हुतं."

शेठनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वही उघडून तिच्यात तोंड घातलं. दमयंतीनं तेवढं पुरेसं मानलं आणि स्वतः पेचकस घेऊन वर आली. जुन्या भोकांशी नवी कडी जुळेना. तिनं नवी पाडली. तिच्या हाताला दोन फोड आले.

तर माझी हकिकत ही एवढीच. तुम्ही कुणी कधी कापड बाजारात आलात, तर गादीवर बसून राहू नका. जिना चढून वर या. काही घेतलं नाही तरी चालेल. आत या, कडी लावा आणि हवा तेवढा वेळ बसा. बाहेर कोण खोळंबलंय, ते माझ्यावर सोडा.

नवी कडी जरा वाकडी बसली आहे. पण लागते.