संत निलोस गप्प झाले

"आजार काय लिहू?" आर्गिरिसने वहीवरून मान वर न काढता विचारलं.

"लिही, आजार परत हवाय," दियामांतो म्हणाली.

आर्गिरिस चर्चच्या समितीवरचा माणूस. सकाळी सातपासून तो रस्त्यावर खडूने रेघा मारत होता. दोन रेघांमध्ये एक आजारी माणूस, डोकं समुद्राकडे, पाय डोंगराकडे. त्याच्या वहीत पाठदुखीला रकाना होता, मूल न होण्याला होता, डोक्याच्या दुखण्याला तर दोन पानं होती. दियामांतोने सांगितलं त्याला रकाना नव्हता.

"दियामांतो, सकाळी सकाळी चेष्टा नको. तुझ्या मागे अठ्ठावीस जण उभे आहेत."

"चेष्टा कुठं करतेय? तू विचारलंस, मी सांगितलं."

त्याने 'डोकं' असं लिहिलं आणि तिला सतरा नंबरची जागा दिली. सोळा नंबरवर अर्धशिशीची एक बाई होती. अठरावर एक तरुण होता, त्याची आई त्याच्या उशाशी बसून त्याच्या तोंडावर टोपी धरत होती. दियामांतोने चटई अंथरली, परकर घोट्यापर्यंत नीट ओढून घेतला आणि आडवी झाली. ऑगस्टचं ऊन, खाली डांबर. एकसष्ट वर्षांच्या कमरेने पहिली तक्रार तिथेच नोंदवली.

बेटाचे संत निलोस चारशे वर्षांपूर्वी वारले, पण बेटाच्या हिशेबाने ते अजून कामावर आहेत. त्यांचा देह चांदीच्या पेटीत आहे. रात्री ते पेटीतून उठतात, बेटभर फिरून आजाऱ्यांची विचारपूस करतात, म्हणून वर्षभरात त्यांच्या सपातांचे तळवे झिजतात, आणि दर ऑगस्टला त्यांना नवीन सपाता घालतात. त्याच दिवशी पेटी मिरवणुकीने निघते. आजारी माणसं रस्त्यावर आडवी पडतात आणि पेटी त्यांच्यावरून नेतात. डोक्याच्या दुखण्यावर तर निलोसांचा हात धरणारा दुसरा संत नाही म्हणतात. उपकार फेडायचे म्हणून बेटावरच्या निम्म्या पुरुषांची नावं निलोसच आहेत. बाजारात त्या नावाने हाक मारली की चार माणसं आणि एक कुत्रा वळून बघतो.

त्या सपाता दियामांतो शिवायची. बापाच्या मागे चपला-बुटांच्या दुरुस्तीचं दुकान तिनेच चालवलं. लग्न राहूनच गेलं, कुणी मुद्दाम मोडलं नाही. एकतिसाव्या वर्षी एका दुपारी ती टाच ठोकत बसली होती, तेव्हा कानाशी कुणीतरी म्हणालं, "खिळा वाकडा गेलाय." बघितलं तर खरंच वाकडा होता.

तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं संत निलोस तिच्याशी बोलले. फार काही पवित्र बोलायचे असं नाही. मसुराच्या आमटीत मीठ कमी आहे, पाद्रीबाबा आज फार लांबण लावणार, शेजारणीने भिंत मुद्दाम चार बोटं पुढे घेतली आहे, असलं. सपाता अंगठ्याला लागतात ही तक्रार दरवर्षी ठरलेली. ती दरवर्षी सैल करायची, ते दरवर्षी कुरकुरायचे. घरात म्हातारा नवरा असावा तसं चाललं होतं, फक्त कपडे धुवायचे वाचत होते.

पाद्रीबाबांना तिने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, "बाई, संत माणसाच्या कानात प्रार्थना सांगतात, मीठ सांगत नाहीत." तिला ते पटलं नाही. चारशे वर्षं एका पेटीत पडून राहिलेल्या माणसाला आमटीचीच आठवण यायची.

मग मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात ते बदलले. कुरकुर गेली, हुकूम आले. एका पहाटे म्हणाले, डावे बूट समुद्रात टाक. तिने दुकानातले त्रेचाळीस डावे बूट पोत्यात भरले आणि धक्क्यावरून फेकले. बंदराच्या अधिकाऱ्याचा एक होता, शाळेच्या हेडमास्तरांचा एक, नव्या नवरीचा एक. पुढचा महिनाभर अर्धं गाव जानेवारीत उन्हाळी चपला घालून हिंडत होतं, आणि हेडमास्तर उजवा बूट हातात धरून तिच्या दाराशी येत, बोलत काहीच नसत, नुसता तो दाखवत. यावर लोक अजून हसतात. पुढचं फारसं कुणी बोलत नाही. बूट गेल्यावर आवाज म्हणाला होता, "आता तूही ये." मच्छीमारांनी तिला बाहेर काढलं तेव्हा पाणी तिच्या छातीपर्यंत आलं होतं.

धाकटी बहीण एवान्थिया तिला बोटीने शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर चांगला होता. महिन्याला एक इंजेक्शन, आवाज कमी होतील म्हणाला. कमी झाले नाहीत, थांबले. बुटांचे हुकूम गेले आणि त्यांच्याबरोबर आमटीचं मीठही गेलं. दीड वर्ष झालं, घरात चमचा ठेवला तरी त्याचा आवाज दुसऱ्या खोलीपर्यंत जायचा.

"ते बोलायचे बंद झाले," तिने डॉक्टरला सांगितलं.

"छान," डॉक्टर म्हणाला.

आता ती इथे पडली होती ती एवढ्यासाठीच. पेटी डोक्यावर आली की विचारायचं, रागावलात का? बस, इतकंच. उद्या सकाळी आठला इंजेक्शन होतं. उत्तर आलं तर ती जाणार नव्हती. शेवटचे हुकूम त्यांचे होते की त्यांच्या आवाजात दुसऱ्याच कुणाचे, हे तिला ठरवता येत नव्हतं. म्हणून तर समोरासमोर विचारायचं होतं.

बँड आला. धूप आला. पहिल्या नंबरवरून पेटी सरकायला लागली. चार खांदेकरी होते, चारही निलोस. पुढच्या डाव्या कोपऱ्याला निलोस बेकरीवाला. डॉक्टरच्या धाकाने त्याने वर्षात अठरा किलो वजन उतरवलं होतं आणि ते तो पावाबरोबर गिऱ्हाइकाला सांगायचा. वजन गेलं, पण चांगली विजार टाकवली नव्हती. ती पट्ट्यावर तगून होती. तो दियामांतोच्या बरोबर डोक्यावर आला आणि पट्टा तुटला.

पेटी थांबली. दियामांतोच्या नाकासमोर चांदीचा तळ होता. ती म्हणाली, "संतबाबा, रागाव..."

"दियामांतो," वरून घोगरा आवाज आला. क्षणभर तिला वाटलं, तेच. मग तिला तो ओळखू आला. बेकरीवालाच होता. "दियामांतो, पँट. धर."

त्याचे दोन्ही हात संतांखाली गुंतलेले. एक पाऊल टाकलं असतं तरी अठरा किलोंचा सगळा हिशेब गावापुढे उघडा पडला असता. तिने दोन्ही हात वर करून विजारीच्या कडा मुठीत पकडल्या.

"घट्ट धर. माझ्या आईच्या कबरीची शपथ."

मागच्या निलोसने विचारलं काय झालं. पुढचा उजवा निलोस म्हणाला, हा हलेना. बेकरीवाल्याला लाजेने तोंड उघडता येईना. पेटी जागची हलत नाही हे बँडने पाहिलं आणि तेच कवायतीचं गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. तिसऱ्यांदा तुतारीवाल्याचा दम संपला. पेटीच्या झालरीमुळे बाहेरून एवढंच दिसत होतं की संत सतरा नंबरवर थांबलेत आणि खाली एका बाईने दोन्ही हात वर केलेत.

"थांबले," कुणीतरी म्हणालं. "दियामांतोवर थांबले." ते शब्द रांगेतून पुढे गेले, मग चर्चकडे गेले, मग घंटा सुरू झाली.

बँड, घंटा, बेकरीवाल्याचा घाम तिच्या कपाळावर टपटप. दियामांतो ऐकत होती. हात भरून आले होते, पण कान तिने मोकळे ठेवले होते. मनातल्या मनात तिने विचारलं. थांबून पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा तर नुसतं म्हणाली, सपाता यंदा मापावरूनच शिवल्यात, अंगठ्याला लागत असतील तर सांगा.

चांदीचा तळ चांदीचा तळच राहिला.

शेवटी आर्गिरिस खडू खिशात घालून झालरीखाली वाकला, काय ते त्याने पाहिलं, आणि शहाण्या माणसासारखा स्वतःचा पट्टा काढून बेकरीवाल्याच्या कमरेला बांधला. पेटी पुढे गेली. नंतर आर्गिरिसने याबद्दल कुणाला चकार शब्द सांगितला नाही. बेकरीवाल्याने तर नाहीच नाही.

लोकांनी तिला उचलून उभं केलं. अर्धशिशीची बाई तिच्या बाहीला हात लावून डोळ्यांना लावत होती. एवान्थिया रडत होती. पाद्रीबाबा गर्दीतून वाट काढत आले, दम लागलेला, आणि ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षं तिला गप्प बसवलं त्यानेच विचारलं, "बाई, काय म्हणाले संत?"

आयुष्यात पहिल्यांदाच तिचं ऐकायला सगळं गाव थांबलं होतं.

"काही नाही म्हणाले," दियामांतो म्हणाली.

पाद्रीबाबांनी डोळे मिटून क्रूसाची खूण केली. "ऐकलंत? आता तिला काही ऐकू येत नाही. बरी झाली."

टाळ्या झाल्या. हेडमास्तरांनीसुद्धा वाजवल्या. अठरा नंबरचा तरुण अजून आडवाच होता, त्याची आई टोपी विसरून दियामांतोकडे बघत होती. दियामांतो वाकली, तिने ती टोपी उचलून त्याच्या तोंडावर धरली, आई भानावर येईपर्यंत.

दुपारी जेवणाच्या पंगतीत एवान्थियाने तिच्या ताटात मटणाचा चांगला तुकडा वाढला आणि म्हणाली, "ताई, आता त्या सुईची काय गरज? संतांनी स्वतः थांबून बरं केलंय. उद्या नको जाऊस." आजूबाजूचे हो हो म्हणाले. ज्या सुटकेसाठी ती डांबरावर पडली होती, ती गावाने तिला ताटात वाढून दिली होती. नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं. दोन महिन्यांत, फार तर तीन, कानाशी कुणीतरी पुन्हा बोललं असतं. कोण, तेवढं मात्र सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता ती आरोग्य केंद्राच्या बाकावर होती. नर्स लांब्रिनी दार उघडताना तिला बघून थबकली.

"मावशी, तुम्ही तर बऱ्या झालात ना? काल मी पण होते गर्दीत."

"हो ना."

"मग?"

दियामांतोने बाही कोपराच्या वर दुमडली. "त्यांना यायचं असतं तर कालच आले असते," ती म्हणाली. "दुसरा कुणी आला तर मी एकटीने काय करू?"

लांब्रिनीने इंजेक्शन भरलं. सुई टोचली, कापूस दाबून धरा म्हणाली, आणि एरवी रोखपाल बाईसारखी घाई करणारी ती, आज स्वतःच बराच वेळ कापूस दाबून उभी राहिली.

बाहेर चौकात काल सांडलेल्या पावावर कबुतरं जमली होती. दियामांतो त्यांच्याजवळच्या बाकावर बसली आणि हात दुमडून कापूस धरून राहिली. कबुतरं घुमत होती. ती लक्ष देऊन ऐकत होती. कबुतरं नुसतीच घुमत होती.